किंवा लोकांकडे : अमेरिकी राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीवर एक भाष्य

राज्यघटनेने जे अधिकार संयुक्त संस्थानांकडे सोपवलेले नाहीत, आणि जे तिने राज्यांना नाकारलेले नाहीत, ते त्या त्या राज्यांकडे राखून ठेवलेले आहेत, किंवा लोकांकडे.

अमेरिकेच्या राज्यघटनेची दहावी दुरुस्ती एवढीच आहे. १५ डिसेंबर १७९१ रोजी ती अमलात आली. तेव्हापासून त्या देशात ज्याच्या हातून केंद्राची सत्ता निसटली, तो या वाक्याकडे धावला आहे. गुलामांच्या मालकांनी याचा आधार घेतला आणि पळालेल्या गुलामांना लपवणाऱ्यांनीही घेतला. बंदूक बाळगणाऱ्यांनी घेतला आणि स्थलांतरितांना आसरा देणाऱ्या शहरांनीही. लिबर्टेरियन, म्हणजे व्यक्तीच्या स्वातंत्र्याला सर्वांत वरचे स्थान देणारी मंडळी, तर या वाक्याला आपली सनदच मानतात. त्यांचे म्हणणे असे की आजच्या लाल-निळ्या, म्हणजे रिपब्लिकन-डेमोक्रॅट, फुटीचे मूळ माणसांच्या स्वभावात नाही. वॉशिंग्टनमध्ये इतके काही ठरू लागले आहे की दर चार वर्षांनी निम्म्या देशाला आपले घरदार पणाला लागल्यासारखे वाटते. हे निदान मला बरेचसे पटते. 'सगळे राज्यांकडे परत द्या' हा त्यावरचा नेहमीचा उपाय मात्र या वाक्याचे अर्धेच वाचन आहे, असे मी मानतो.

मराठी वाक्यरचनेत क्रियापद शेवटी यायला हवे. वरच्या भाषांतरात 'किंवा लोकांकडे' हे शब्द मी क्रियापदाच्याही पुढे ठेवले, कारण मूळ पाठात ते तसेच, एका स्वल्पविरामानंतर, अगदी शेवटी येतात.

'जे अधिकार सोपवलेले नाहीत'

'सोपवलेले' हे पद वाक्याचा कणा आहे. 'दिलेले' म्हटले असते तर मालकी बदलली असती. सोपवताना मालकी मूळ धन्याकडेच राहते. जमिनीचा मुखत्यार सातबाऱ्यावर मालक होत नाही, तसे. मुखत्यारपत्राचे दोन प्रकार आपल्याला ठाऊक आहेत. खास मुखत्यारपत्रात नेमके काम लिहिलेले असते, कुलमुखत्यारपत्रात सर्वसाधारण कारभार येतो. केंद्राला यांतले कोणते मिळाले, यावर अमेरिकेत सव्वादोनशे वर्षे भांडण चालू आहे.

या भांडणाची सुरुवात एका गाळलेल्या शब्दापासून होते. १७८१ मध्ये अमलात आलेल्या, राज्याराज्यांतल्या आधीच्या करारनाम्यात 'स्पष्टपणे सोपवलेले' असे शब्द होते. १७८९ मध्ये प्रतिनिधीगृहात दुरुस्त्यांची चर्चा चालू असताना दक्षिण कॅरोलायनाचे थॉमस ट्यूडर टकर यांनी तो 'स्पष्टपणे' पुन्हा घालावा अशी सूचना केली. मसुदा मांडणारे जेम्स मॅडिसन यांनीच तिला विरोध केला. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट लिहून ठेवून कोणतेही सरकार चालत नाही, काही अधिकार गर्भित मानावेच लागतात, हा त्यांचा मुद्दा. सूचना फेटाळली गेली. मेरीलँड राज्याने राष्ट्रीय बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर कर बसवला, तेव्हा १८१९ च्या निकालात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी नेमक्या याच गाळलेल्या शब्दावर बोट ठेवले. घटनेत बँकेचे नाव नाही हे खरे. पण 'स्पष्टपणे' हा शब्दही नाही.

येथपर्यंत मार्शल यांच्याशी वाद घालणे अवघड आहे. प्रश्न उभा राहतो तो गर्भितातून आणखी गर्भित निघू लागते तेव्हा. राज्याराज्यांतल्या व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे केंद्राच्या कायदेमंडळाकडे, सोपवलेला आहे. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला १९४१ च्या पिकासाठी गव्हाचा ११.१ एकरांचा वाटा ठरवून दिला होता. त्याने २३ एकर पेरला. जादा गहू आपल्याच गुराढोरांना, घरच्या पिठाला आणि बियाण्याला लागणार आहे, असे तो म्हणाला. दंड ११७ डॉलर ११ सेंट. १९४२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की घरच्या खळ्यातला गहूसुद्धा केंद्राच्या कक्षेत येतो. एका शेतकऱ्याने घरचे खाल्ले तर बाजारातले तेवढे घेतले नाही. असे लाखो शेतकरी धरले तर देशाचा भाव हलतो.

शंका अशी की हा कोटा शेतकऱ्याच्याच भल्यासाठी नव्हता का? होता. महामंदीत गव्हाचे भाव कोसळले होते आणि पीक मर्यादित ठेवून भाव टिकवणे हा कायद्याचा हेतू होता. त्या हेतूला मी खोटे म्हणत नाही. पण बाजारात न येणारी वस्तूही, बाजारात न आल्यामुळेच, व्यापारात मोजायची असे एकदा ठरले की मुखत्यारपत्रात मावणार नाही असे उरतेच काय, हे लिबर्टेरियनांचे विचारणे रास्त आहे.

त्याचे उत्तर २००५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात मिळाले. त्या राज्याच्या मतदारांनी १९९६ मध्येच आजारी माणसांना डॉक्टरच्या सल्ल्याने गांजा वापरण्याची मुभा दिली होती. पुढे खटला लढवणाऱ्या दोन आजारी स्त्रियांपैकी एकीच्या घरी ऑगस्ट २००२ मध्ये स्थानिक अंमलदार आणि केंद्राचे अंमलदार एकाच वेळी पोचले. राज्याच्या कायद्याप्रमाणे यात गैर काही नाही, असे स्थानिकांनी सांगितले. तीन तास ओढाताण झाली आणि शेवटी केंद्राच्या लोकांनी तिची सहाच्या सहा झाडे जप्त करून नष्ट केली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, स्त्रियांच्या बाजूने रँडी बार्नेट हे लिबर्टेरियन कायदेपंडित उभे राहिले, आणि सहा विरुद्ध तीन मतांनी त्या हरल्या. आधार होता फिलबर्नचा गहू.

या निकालात कोण कुठे बसले ते पाहण्यासारखे आहे. उदारमतवादी समजले जाणारे न्यायमूर्ती केंद्राच्या बाजूने होते, आणि पुराणमतवादी अँटनिन स्कालियाही. क्लॅरेन्स थॉमस, सँड्रा डे ओ'कॉनर आणि विल्यम रेन्क्विस्ट विरोधात. गांजा मुळीच न खपवून घेणाऱ्या अलाबामा, लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांनी कॅलिफोर्नियाच्या बाजूने न्यायालयात निवेदन दिले. लाल-निळ्या नकाशावर हा खटला काढताच येत नाही. म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

'संयुक्त संस्थानांकडे'

अनेकवचनाकडे लक्ष द्यावे. घटनेच्या तिसऱ्या कलमात देशद्रोहाची व्याख्या आहे, तिथे संयुक्त संस्थानांसाठी 'त्यांच्याविरुद्ध' असे सर्वनाम येते. यादवी युद्धानंतर बोलीत हळूहळू एकवचन रूढ झाले.

'आणि जे तिने राज्यांना नाकारलेले नाहीत'

लिबर्टेरियन लेखनात या पदावरून लोक भराभर पुढे जातात, आणि तिथेच चुकतात. १७९१ मध्ये राज्यांना नाकारलेल्या गोष्टींची यादी छोटी होती : नाणी पाडू नयेत, परराष्ट्रांशी तह करू नयेत, सरदारक्या वाटू नयेत, असे काही. १८६५ च्या तेराव्या आणि १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने ती यादी मुळापासून बदलली. कोणत्याही राज्याला माणूस गुलाम ठेवता येणार नाही. कायद्याच्या रीतसर प्रक्रियेवाचून कोणाचे जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. दहाव्या दुरुस्तीचा एक शब्दही न हलवता तिचा अर्थ या दोघींनी पालटला.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. पुण्यात बसलेल्या त्या माणसाला जे दिसले, ते अमेरिकेतल्या कित्येक राज्यहक्कवाद्यांना पुढची शंभर वर्षे दिसले नाही : केंद्राचा हात लांब झाला तो त्या वेळी माणसाच्या गळ्यातला साखळदंड काढण्यासाठी. १८६५ ची गोष्ट 'केंद्राची वाढ' एवढ्याच शीर्षकाखाली सांगणारा लिबर्टेरियन इतिहास मी अपुरा मानतो. दुसऱ्याच्या मालकीचा माणूस हा स्वातंत्र्याचा पहिला प्रश्न आहे, कर आणि कोटे त्याच्या मागून येतात.

'त्या त्या राज्यांकडे'

राज्यांनी हे पद कसे वापरले? दोन्ही टोकांनी.

१८५० च्या कायद्याने पळालेले गुलाम पकडून देणे बंधनकारक झाले. १८५४ मध्ये मिलवॉकीत जमावाने जोशुआ ग्लोव्हर या पळून आलेल्या माणसाला तुरुंग फोडून सोडवले. त्या प्रकरणात विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने तो निकाल उलटवला. पावणेदोन वर्षांनी दक्षिण कॅरोलायना संघातून बाहेर पडली तेव्हा तिने जी कारणे जाहीर केली, त्यांत उत्तरेची राज्ये हा कायदा पाळत नाहीत अशी तक्रार आहे. राज्यांच्या हक्कासाठी म्हणून जे युद्ध झाले असे सांगतात, त्या युद्धात बंडखोर बाजूची तक्रार दुसऱ्या राज्यांनी आपला हक्क वापरल्याची होती.

१९५६ मध्ये काँग्रेसच्या १०१ दक्षिणी सदस्यांनी शाळांतला वर्णभेद मोडणाऱ्या निकालाविरुद्ध जाहीरनामा काढला, तोही राज्यांना राखून ठेवलेल्या हक्कांच्या नावाने. पुढच्याच वर्षी लिटल रॉकमध्ये नऊ काळ्या विद्यार्थ्यांना शाळेत पोचवायला अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले. १९६४ मध्ये लिबर्टेरियनांना जवळचे वाटणारे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले. ते स्वतः वर्णद्वेष्टे नव्हते, तत्त्वाने बोलत होते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांना सहा राज्ये मिळाली : त्यांचे ॲरिझोना आणि वर्णभेदासाठी झुंजणारी खोल दक्षिणेतली पाच. लिबर्टेरियन चळवळीला हा डाग अजून पुरता धुता आलेला नाही.

तरीही हे पद टाकून देण्याजोगे नाही. १९९३ च्या कायद्याने बंदूक घेणाऱ्याची चौकशी करण्याचे काम स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर टाकले. मॉन्टाना आणि ॲरिझोनातले दोन शेरीफ न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी जिंकले. केंद्राला आपला कायदा राबवायचा असेल तर स्वतःच्या माणसांकडून राबवावा, राज्याचे नोकर वेठीला धरू नयेत. वीस वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोने स्थलांतरितांच्या प्रश्नावर ट्रम्प सरकारविरुद्ध हाच निकाल पुढे केला. बंदुकीच्या हक्कासाठी मिळवलेली ढाल बंदूकविरोधी शहराच्या कामी आली. ज्याला तत्त्व हवे आहे त्याला दोन्ही वेळा त्याच बाजूला उभे राहावे लागते. असे उभे राहणारे दोन्ही पक्षांत थोडे आहेत.

'राखून ठेवलेले आहेत'

१९४१ मध्ये न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांनी लिहिले की ही दुरुस्ती एक उघड सत्य सांगते, त्यापलीकडे काही नाही : जे दिले नाही ते उरले. मला 'राखणे' या क्रियापदात अधिक दिसते. राखायला राखणदार लागतो.

'किंवा लोकांकडे'

मॅडिसन यांनी ८ जून १७८९ रोजी मांडलेल्या मसुद्यात हे शब्द नाहीत. प्रतिनिधीगृहाने सिनेटकडे पाठवलेल्या पाठातही नाहीत. अंतिम पाठात ते आले. शेवटी जोडलेले म्हणून ते शोभेचे, असे मानणाऱ्यांना मी विचारेन की 'राज्ये' आणि 'लोक' एकच असतील तर मध्ये 'किंवा' कशाला?

एक अर्थ असा लावतात : लोक म्हणजे राज्याचे मतदार. दुसरा : लोक म्हणजे एकेक माणूस, ज्याने काही अधिकार केंद्राला दिले नाहीत आणि राज्यालाही नाहीत. शेजारची नववी दुरुस्ती सांगते की घटनेत काही हक्क नोंदवले म्हणून लोकांचे बाकीचे हक्क नाकारले किंवा कमी लेखले जाऊ नयेत. तिच्याबरोबर वाचले तर दुसरा अर्थच जुळतो. जवळची सत्ता आपोआप सौम्य नसते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी गावाऐवजी व्यक्तीला घटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते गावाची सत्ता अंगावर झेललेल्या माणसाचे बोल होते. त्यांनी उर्वरित अधिकार केंद्राला दिले, अमेरिकेच्या नेमके उलट. पण एकक निवडताना त्यांची नजर या शेवटच्या दोन शब्दांवरच होती, असे मला वाटते.

अमेरिकी लिबर्टेरियनांत आज याच 'किंवा'वर दुफळी आहे. २०२२ मध्ये गर्भपाताचा प्रश्न न्यायालयाने राज्यांकडे परत पाठवला. कोणी म्हणाले, केंद्र हटले, जिंकलो. कोणी म्हणाले, स्त्रीच्या देहावर वॉशिंग्टनऐवजी टेक्सासच्या राजधानीची, ऑस्टिनची, हुकमत आली, यात जिंकले कोण? त्याच वर्षी लिबर्टेरियन पक्षाने अधिवेशनात गर्भपाताविषयीचे कलम जाहीरनाम्यातून काढूनच टाकले. भूमिका घेण्याच्या क्षणी त्यांनी ती सोडली, हे मला खटकते.

'लोक' हे पद खरे जागे झालेले मी पाहिले ते प्रतिनिधीगृहातल्या २४ जुलै २०१३ च्या मतदानात. सगळ्या नागरिकांच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा करण्याला लगाम घालणारी सूचना मिशिगनच्याच दोघांनी मांडली, रिपब्लिकन जस्टिन अमाश आणि डेमोक्रॅट जॉन कॉनियर्स. बाजूने ९४ रिपब्लिकन आणि १११ डेमोक्रॅट. विरोधात सभापती जॉन बेनर, डेमोक्रॅट नेत्या नॅन्सी पलोसी, आणि सभागृहाबाहेर ओबामांचे व्हाइट हाउस. २०५ विरुद्ध २१७. फूट होती, पण ती दोन्ही पक्षांना मधोमध चिरत गेली होती. एका बाजूला पुढारी, दुसऱ्या बाजूला मागच्या बाकांवरचे.

आता पुन्हा त्या कॅलिफोर्नियाच्या खटल्याकडे. २००५ च्या पराभवानंतर दोघींपैकी दुसरी स्त्री परत न्यायालयात गेली. या वेळी केवळ राज्याच्या कायद्यावर विसंबून न राहता तिने स्वतःच्या नावाने मागणी केली : दुसरे औषध लागू पडत नाही असे डॉक्टर सांगतात, तर जगण्यासाठी हे घेण्याचा हक्क माझा आहे. १४ मार्च २००७ रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो नाकारला. असा हक्क मान्य होण्याचा दिवस कदाचित अपेक्षेपेक्षा लवकर येईल, पण अजून आलेला नाही, असे त्या निकालपत्रात म्हटले आहे.