दवाखान्यात प्रश्नांचा फॉर्म घेऊन कोणी आलं तर? रुग्णालयातलं संशोधन आणि आपले हक्क, जाणून घ्या

घरातल्या माणसाला सिव्हिलला भरती केलंय. सलाईन सुरू आहे. तेवढ्यात पांढरा कोट घातलेली एखादी मुलगी चार-पाच पानांचा फॉर्म घेऊन कॉटजवळ येते. ‘काका, किती वाजता लागलं? इथं यायला किती वेळ गेला? आधी कुठं दाखवलं होतं का? शिक्षण किती? इथल्या सेवेवर समाधानी आहात का?’ प्रश्न काही संपत नाहीत. आपल्या मनात येतं, ही पोलीस केस तर नाही ना? खरं सांगितलं तर डॉक्टर रागावतील का? मग ‘हो हो, सगळं चांगलं आहे’ असं म्हणून आपण सुटका करून घेतो.

असा फॉर्म बहुतेक वेळा संशोधनाचा असतो. एमडी, एमएस करणाऱ्या डॉक्टरांना पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो. एमबीबीएसची मुलंही आयसीएमआर या केंद्राच्या संशोधन संस्थेच्या योजनेतून छोटे अभ्यास करतात. कोणाला कशी दुखापत होते, उपचारांबद्दल लोकांचं काय मत आहे, आजाराची माहिती किती जणांना आहे, असे त्यांचे विषय असतात.

‘पण त्याचा आपल्याला काय उपयोग?’ याचं उत्तर आपल्या महाड तालुक्यातच आहे.

बिरवाडीचा विंचू

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. ते मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. त्या काळी कोकणात लाल विंचू चावला की घरात रडारड सुरू व्हायची. पश्चिम भारतातल्या रुग्णालयांच्या नोंदी सांगतात की १९६१ ते १९८३ या काळात विंचूदंशाच्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत होते. फुफ्फुसात पाणी भरायचं आणि माणूस जायचा.

डॉक्टरांनी केलं ते तसं साधंच काम, पण चिकाटीचं. येणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या नोंदी ठेवल्या. चावा किती वाजता झाला, उलटी झाली का, घाम किती, हातपाय गार आहेत का, नाडी आणि रक्तदाब किती. त्यातून एक गोष्ट दिसली, जी आजही गावागावात माहीत असायला हवी. नुसत्या वेदनेनं जो ओरडतोय त्याला धोका कमी असतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो, हातपाय गार पडतात, त्याच्या जिवाला धोका असतो. या सुरुवातीच्या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पुढे त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची जुनीच गोळी वापरून पाहिली. लाल विंचवाच्या विषानं रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर भार येतो. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. त्याबद्दलचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच आला. १९८४ नंतर प्राझोसिन मिळालेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. (गोळी मनानं घ्यायची नाही. रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून ती दिल्यावर रुग्णाला झोपवून ठेवतात.)

नंतर महाडच्या त्यांच्या रुग्णालयात ७० रुग्णांवर आणखी एक चाचणी झाली. ३५ जणांना फक्त प्राझोसिन दिलं, ३५ जणांना प्राझोसिनसोबत विंचवावरची प्रतिविष लस दिली. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, तर दुसऱ्या गटात ३२. ही चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. चाचणीतले ते ७० जण कोण, हे कुठं छापलेलं नाही. पण त्यांच्या घरच्यांनी चाव्याची वेळ खोटी सांगितली असती, तर या आकड्यांना काही अर्थच राहिला नसता.

भगताकडे गेलो होतो, हे सांगायचं का?

सांगायचं. फॉर्मवरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच असतो, आणि सगळ्यात जास्त लपवाछपवी तिथंच होते. साप चावल्यावर आधी भगताकडे दोन तास गेले असतील तर तेही सांगा. डॉक्टरला उपचारासाठी ते कळायलाच हवं. आणि अभ्यासात खरा उशीर दिसला, तरच मधल्या गावात अ‍ॅम्ब्युलन्स हवी, पीएचसीत लस हवी, हे वरपर्यंत पुराव्यासह मांडता येतं.

रुग्णालयातल्या अभ्यासाला एक मोठी मर्यादा आहे, तीही समजून घ्या. जो दवाखान्यापर्यंत पोचलाच नाही, तो त्यात मोजलाच जात नाही. घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं विचारणारा एक देशव्यापी अभ्यास झाला, तेव्हा २००५ या एका वर्षात सर्पदंशानं सुमारे ४६ हजार माणसं गेल्याचा अंदाज निघाला. त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त मृत्यू दवाखान्याबाहेर झालेले होते. पुढच्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळाची सरासरी वर्षाला ५८ हजारांवर गेली. यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, म्हणजे ऐन भातलावणी-बेणणीच्या दिवसातले. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, त्यात २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरलं आहे.

काही फॉर्म तुमची माहिती तपासतात. ‘साप चावला तर काय कराल?’ असं विचारतात. ती परीक्षा नाही. घरात खरोखर जे करता तेच सांगा, आणि फॉर्म संपल्यावर बरोबर उत्तर काय ते त्यांनाच विचारा. चावलेली जागा कापायची नाही, चोखायची नाही, आवळून दोरी बांधायची नाही. अंगठ्या, बांगड्या काढायच्या, हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा. साप पकडून नेण्यात वेळ घालवू नका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते.

‘समाधानी आहात का?’

समोर सिस्टर उभ्या असताना या प्रश्नाचं खरं उत्तर कोण देणार? उद्या इंजेक्शन त्यांच्याच हातून घ्यायचं असतं. म्हणून वॉर्डात विचारलेल्या समाधानाचे आकडे नेहमी गोड येतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. अडचण वाटली तर ‘बाजूला बोलू’ किंवा ‘सुट्टी मिळाल्यावर सांगतो’ असं म्हणा. ‘चांगलं आहे’ एवढ्यावर थांबू नका. औषध बाहेरून आणायला लावलं का, पेशंट बाथरूममध्ये घसरला का, रात्री बोलावल्यावर कोणी आलं का, असं नेमकं सांगा. केंद्राच्या ‘मेरा अस्पताल’ या व्यवस्थेतून सरकारी रुग्णालयाबद्दल मोबाईलवरूनही मत कळवता येतं. औषधाचा त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर नोंदवता येतं.

सही करण्याआधी

ऑपरेशनचं संमतीपत्र वेगळं आणि संशोधनाचं वेगळं. दोन्ही कागद एकाच गठ्ठ्यात आले तर थांबून विचारा. आयसीएमआरच्या २०१७च्या नियमावलीनुसार अभ्यास कशाचा आहे, त्यात काय करणार, त्रास काय होऊ शकतो, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगावं लागतं. वाचता येत नसेल तर त्या संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा, त्याच्यासमोर अंगठा घेतात. रुग्ण १८ वर्षांखालचा असेल तर आईवडिलांची संमती लागते, आणि सात वर्षांवरच्या मुलाला त्याचं त्यालाही विचारावं लागतं.

नाही म्हणायचा हक्क पूर्ण आहे. आज हो म्हटलं आणि उद्या मन बदललं तरी चालतं. नकार दिला म्हणून उपचार थांबवता येत नाहीत की कमी करता येत नाहीत. फक्त संशोधनासाठी जादा रक्त तपासलं तर त्याचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नाहीत. तुमचं नाव अहवालात येत नाही. जुन्या केसपेपरवरून नावं काढून केलेला अभ्यास मात्र नैतिकता समितीच्या परवानगीनं तुम्हाला न विचारताही होऊ शकतो.

नव्या औषधाची चाचणी असेल तर प्रकरण गंभीर आहे. तिथं घाई करू नका, घरी बोलून मगच ठरवा. २०१९च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते. माहितीपत्रकाची एक प्रत मागून घ्या. त्यावर संशोधक डॉक्टरचा आणि नैतिकता समितीचा फोन नंबर असतो. प्रत केसपेपरच्या पिशवीत ठेवा आणि मोबाईलमध्ये तिचा फोटोही काढून ठेवा.