निशा, निकष आणि बिंदू

जबलपूरच्या सराफ्यात काय किंवा उज्जयिनीच्या काय, सोन्याची पारख परंपरेने ज्या निकषावर होते तो पाषाण काळाच असतो. कारण सुवर्णरेखा काळ्यावरच ठळक उमटते. ‘मेघदूता’त अभिसारिकांची वाट उजळणाऱ्या विजेला कालिदासाने हीच उपमा योजिली आहे. परंतु आपल्या लघुचित्रांतील रात्र बहुधा सांकेतिक असते. वर गडद निळे आकाश, चंद्रकोर, तारका; खाली आकृती मात्र दिवसासारख्या उजळ. रात्र तेथे कळते, जाणवत नाही.

ती जाणवते सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांत. १९२२ साली मंडला जिल्ह्यात वनखात्यातील नोकरदाराच्या घरी ते जन्मले; नागपूर व मुंबई येथे शिकले; १९५० मध्ये फ्रान्सला गेले. बालपणीच्या अरण्यरात्रींचे भय आणि दिवस उगवल्याचा दिलासा त्यांनी आयुष्यभर जपला. म्हणूनच त्यांच्या काळ्या बिंदूला केवळ तांत्रिक चिन्ह मानणे अपुरे ठरते. त्यांच्या लेखी काळा ही सर्व वर्णांची जननी होती. तो बिंदू म्हणजे घनीभूत रात्रच. वर्ण तिच्यातून उगवतात. २०१६ साली ते मंडल्याच्याच मातीत विसावले.

अनुभवाच्या निकषावर न उतरलेला संकेत चित्रात केवळ अलंकार होऊन राहतो.