रस्त्यावर वसलेली नगरे

दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्य तरुणांत प्रस्थापित जीवनपद्धतीविरुद्ध जो विद्रोह उसळला, त्याची वास्तुकलेवरील छाप सांगताना बहुधा ड्रॉप सिटीचे उदाहरण दिले जाते. १९६५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात काही तरुण कलावंतांनी भंगार मोटारींचे पत्रे कापून घुमटाकार घरे उभारली. घर विकत न घेता आपल्या हातांनी घडवावे, अशी त्यांची धारणा होती. तथापि हे तरुण सुस्थित समाज स्वेच्छेने सोडून आले होते. ज्यांच्यापाशी सोडावयास फारसे काही नव्हते, त्यांनी उभारलेल्या वस्त्यांचाही या इतिहासात विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

रेव्ह. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी हत्या झाली. त्यांनी योजिलेली गरिबांची मोहीम रेव्ह. राल्फ ॲबरनाथी यांनी पुढे चालविली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉशिंग्टन येथे लिंकन स्मारकाजवळच्या मैदानावर प्लायवूडच्या झोपड्यांचे 'पुनरुत्थान नगर' उभे राहिले. पावसाने सर्वत्र चिखल झाला, तरी माणसे हटली नाहीत. अखेर २४ जून रोजी पोलिसांनी ती वस्ती उठविली.

पुढे तेरा वर्षांनी आपल्या सीमाभागातही असे एक नगर वसले. निपाणी ही विडीच्या तंबाखूची पेठ. पिकविणारा शेतकरी आणि भाव ठरविणारा व्यापारी. रास्त भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १४ मार्च १९८१ रोजी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. हजारो लोक तेथेच मुक्कामास राहिले. त्या मुक्कामास 'आंदोलननगर' हे नाव पडले. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी तो मोडून काढला. गोळीबारात १२ शेतकरी मृत्युमुखी पडले.

निपाणीकरांनी वॉशिंग्टनचे अनुकरण केले, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दोन्ही ठिकाणी निवाऱ्याची जागाच बोलकी होती. एक राजसत्तेच्या डोळ्यांसमोर होता, दुसरा व्यापाराच्या वाटेवर. भाव ठरविताना ज्यास कोणी विचारीत नव्हते, तो शेतकरी माल वाहून नेणाऱ्या रस्त्यावरच वस्तीस आला.

पक्क्या घरांत स्थिरावलेल्या इस्राएलाने दरवर्षी सात दिवस मांडवांत राहावे, असा नियमशास्त्राचा दंडक होता. निराश्रितपणाचे दिवस विसरू नयेत, हा त्यामागील हेतू. बेळगावातील जुन्या दगडी मंदिरांच्या बांधणीचा इतिहास आपण आस्थेने जपतो. त्याच आस्थेने, चोवीस दिवसही न टिकू दिलेल्या त्या वस्तीची आणि तेथे पडलेल्या बारा जणांची नोंद या प्रदेशाच्या इतिहासात ठेवणे, हे आपले कर्तव्य होय.