‘क्षीण अनुस्फुरणा’ची पाच वर्षे

मापनात अनपेक्षित प्रकाश दिसू लागला की प्रयोगकर्त्याचा पहिला संशय द्रवातील अशुद्धीवर जातो, आणि बहुधा तो खराही ठरतो. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत मात्र अशाच एका संशयाने पाच वर्षे मुक्काम केला.

१९२३ मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन हे पाण्यातील प्रकीर्णनाचा अभ्यास करीत होते. त्यांनी अवलंबिलेली पद्धत स्टोक्स यांनी १८५२ मध्ये अनुस्फुरण (ज्याला आपण प्रयोगशाळेत सर्रास फ्लुओरेसन्स म्हणतो) ओळखण्यासाठी वापरलेल्या पद्धतीच्याच जातीची होती. सूर्यप्रकाशाच्या मार्गात एक रंगीत गाळणी ठेवावयाची; दुसरी अशी निवडावयाची, की पहिलीतून आलेला प्रकाश तिच्यातून पार होऊ नये. प्रकीर्णनाने रंग बदलत नसेल, तर ही दुसरी गाळणी डोळ्यांसमोर धरताच काळोख झाला पाहिजे. रामनाथन यांना तेथे प्रकाशाचा मंद पट्टा दिसला. द्रवाचे निर्वातात संथपणे, पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन केले. पट्टा गेला नाही. तरीही त्याला नाव मिळाले ते ‘क्षीण अनुस्फुरण’ हेच. पुढे के. एस. कृष्णन यांनाही अनेक शुद्ध द्रवांत हाच प्रकार आढळला.

येथे थोडे थांबले पाहिजे. शुद्धीकरणाने मिळणारा पुरावा नकारात्मक असतो. प्रकाश कमी झाला, तर दोष अशुद्धीचा हे सिद्ध होते. न झाला, तर ‘अजून थोडी अशुद्धी उरली असेल’ ही पळवाट कायम राहते. रामन यांना हे स्पष्टीकरण पटले नव्हते. पण त्याला पर्याय देण्यास शुद्धतेहून निराळी कसोटी हवी होती.

ती ध्रुवणाने दिली. एस. वेंकटेश्वरन यांना शुद्ध ग्लिसरीनमधील प्रकीर्णित प्रकाश निळ्याऐवजी हिरवट, आणि मुख्य म्हणजे ध्रुवित आढळला. केवळ ग्लिसरीनवर भागले नसते: दाट द्रवातील रंगद्रव्यांचे अनुस्फुरणही ध्रुवित असू शकते, हे वायगर्ट यांनी १९२० मध्येच दाखविले होते. म्हणून फेब्रुवारी १९२८ मध्ये कृष्णन यांनी पातळ द्रव व बाष्पे तपासली याचे महत्त्व मला अधिक वाटते. तेथेही ध्रुवण ठळक होते. २८ फेब्रुवारीस वर्णपटदर्शकातून पाहता हा प्रकाश आपाती प्रकाशापासून निराळा पडलेला दिसला. पाठोपाठ पारा-दिव्याच्या उजेडात त्याच्या स्पष्ट रेषाच मिळाल्या. त्याच सुमारास मॉस्कोत लान्ड्सबेर्ग व मान्डेलश्टाम यांना क्वार्ट्झमध्ये हाच परिणाम सापडला होता.

आज तक्रार नेमकी उलट असते. विरल द्रावणाचे अनुस्फुरण मोजताना मध्येच एक अरुंद शिखर उगवते, आणि विद्यार्थी पाणी पुन्हा ऊर्ध्वपातित करू लागतो. ३५० नॅनोमीटरच्या उद्दीपनास ते ३९७ च्या आसपास असेल, तर ते पाण्याचे स्वतःचे रामन प्रकीर्णन होय. पाणी कितीही शुद्ध केले तरी ते जाणार नाही. कोऱ्या पाण्याचा वर्णपट घेऊन तो वजा करावा. खात्री हवी असल्यास उद्दीपन ३४० वर आणावे. आपाती प्रकाशापासूनचे कंप्रतेतील अंतर, सुमारे ३४०० प्रति सेंटिमीटर, कायम राखून ते शिखर ३८४ कडे सरकते. क्विनीनचा ४५० जवळचा रुंद उंचवटा मात्र जागचा हलत नाही.