तालामांका किनारा
तालामांका किनारा : कोस्टारिकाच्या लिमोन प्रांतातील, कावीतापासून पनामाच्या सीमेपर्यंतची किनारपट्टी. कावीता, प्वेर्तो व्येहो आणि मान्सानियो ही येथील आफ्रो-कॅरिबियन गावे. मौखिक परंपरेनुसार कासवे पकडणाऱ्या विल्यम स्मिथ यांनी 1828 मध्ये कावीताच्या भूशिरावर पहिले घर बांधले. लिमोनच्या रेल्वेबांधणीसाठी 1872 पासून जमैकाचे मजूर येऊ लागले आणि वस्ती वाढली. पुढे या मजुरांना काम देणाऱ्या केळीच्या कंपनीने बस्तान पॅसिफिक किनाऱ्यावर हलवले, तेव्हा 1934 च्या करारकायद्याने काळ्या कामगारांना तेथे कामास घेण्यास मनाई केली. मागे राहिलेल्यांनी नारळ आणि कोकोवर संसार उभे केले.

पर्यटन या भागात शिरले ते लोकांच्या पडत्या काळात, आणि पुढच्या बहुतेक तंट्यांचे मूळ येथेच आहे. 1970 च्या दशकात लिमोनहून रस्ता आला. त्या दशकाच्या अखेरीस मोनिलिया या बुरशीने कोकोच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उत्पन्न बुडाल्यावर अनेकांनी जमिनी विकल्या. त्या जागी बाहेरून आलेल्यांची हॉटेले उभी राहिली आणि जुने मालक किंवा त्यांची मुले तेथे पगारावर लागली. समुद्रालगतच्या घरांवर आणखी एक टांगती तलवार आली. 1977 च्या कायद्याने भरतीरेषेपासून 50 मीटर पट्टा सार्वजनिक ठरला आणि पुढच्या 150 मीटरमध्ये सरकारी परवानगीचा भाडेपट्टा लागू लागला. कित्येक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या याच पट्ट्यात राहत होती.

कावीताने मात्र स्वतःची बाजू लावून धरली. 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेला येथील प्रवाळकिनारा गावाला अगदी खेटून आहे. 1994 मध्ये सरकारने परदेशी पाहुण्यांचे प्रवेशशुल्क एकदम वाढवले. पाहुणे घटले की खानावळी आणि वाटाडे यांचे पोट मारले जाणार, म्हणून गावकऱ्यांनी प्रवेशद्वार ताब्यात घेतले. तडजोड झाली, उद्यानाच्या कारभारात गावाला वाटा मिळाला आणि गावाकडच्या दारावर शुल्काऐवजी ऐच्छिक देणगी घेण्याची पद्धत रुळली. पर्यटनाला विरोध न करता त्याच्या अटी ठरवण्याचा हक्क मागणारा हा लढा या किनाऱ्याची सर्वांत मोलाची कमाई म्हणावी लागेल.

नारळाच्या रसातला राजमा-भात आणि मासे व कंदमुळे एकत्र शिजवलेले ‘रोन्दोन’ आता प्रत्येक खानावळीत मिळतात. घरी हे पदार्थ रविवारचे. लिमोनची क्रिओल इंग्रजी मात्र स्पॅनिश शाळांमुळे मागे पडत आहे.

कॅलिप्सो गायक वॉल्टर फर्ग्युसन (1919–2023) यांचे बहुतेक आयुष्य कावीतात गेले. ते घरीच गाणी कॅसेटवर ध्वनिमुद्रित करून पर्यटकांना विकत. प्रत मागे ठेवत नसल्याने प्रत्येक कॅसेट एकमेव असे. गाणी गाव सोडून दूरदेशी गेली, पण त्या पैशाने कलावंताचे घर चालले. पुढे संग्राहकांनी त्या जुन्या पर्यटकांना गाठून कॅसेटी शोधायला सुरुवात केली आणि हरवलेली अनेक गाणी परत मिळाली.

2015 च्या घटनादुरुस्तीने कोस्टारिका बहुवांशिक व बहुसांस्कृतिक प्रजासत्ताक ठरले. किनाऱ्यावरच्या घरांच्या मालकीचा प्रश्न त्याने सुटला नाही.