नवउद्योगांचे भांडवल : बुलढाणा जिल्हा

नवा धंदा उभारताना पैसा कोठून व कोणत्या अटींवर घ्यायचा, याची निवड. वऱ्हाडातील या जिल्ह्यात (‘बुलडाणा’ असेही लेखन) ती व्याजदरापेक्षा तारणावर ठरते. गहाण ठेवायला सोने आहे, धान्य आहे की नुसता सातबारा, त्यावरून माणूस कोणत्या दारी जाणार हे बहुधा सांगता येते.

पूर्वपीठिका : १८७० मध्ये जलंब–खामगाव रेल्वे फाटा सुरू झाला. खामगावची कापूसपेठ वाढली, जिन-प्रेस उभे राहिले. अशा धंद्याला तेव्हा पैसा बहुधा सावकाराकडून मिळे; सावकारी व्यवहारांना आता २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम लागू आहे.

पतसंस्था : जिल्ह्याचे खरे वैशिष्ट्य हेच. राधेश्याम चांडक (‘भाईजी’) यांनी १९८६ मध्ये ७२ सभासद व १२ हजार रुपये भांडवलावर बुलडाणा अर्बन सहकारी पतसंस्था सुरू केली. पुढे ती बहुराज्यीय झाली. तिच्या कर्जव्यवहारात सोनेतारण व गोदामतारण महत्त्वाचे. सोयाबीन, हरभरा किंवा तूर गोदामात ठेवायची, वजन व प्रत ठरली की पावती घ्यायची आणि त्या पावतीवर बाजारभावाच्या काही टक्के रक्कम उचलायची. भाव चढल्यावर माल विकून कर्ज फेडायचे. कागदोपत्री हे मालावरचे कर्ज. पण उचललेल्या पैशातून किराणा दुकानाचा पहिला माल भरता येतो किंवा डाळमिलच्या यंत्रासाठी स्वतःचा हिस्सा उभा करता येतो. असा उद्योग उद्योगकर्जाच्या आकड्यांत दिसत नाही, आणि अभ्यासकांचे तिकडे दुर्लक्ष होते. धोका मुदतीचा आहे : काही महिन्यांचा पैसा वर्षानुवर्षे चालणाऱ्या यंत्रात अडकतो आणि भाव पडला तर दोन्ही बाजूंनी ओढ बसते. शिवाय पतसंस्थेतील ठेवींना बँक-ठेवींसारखे विमासंरक्षण नाही. ठेवीदार सभासदच कर्जदार होतो तेव्हा ही बाब त्यालाही लागू पडते.

बँका : २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला परवाना नाकारला, पुढे शासकीय मदतीनंतर तो मिळाला. मलकापूर अर्बन बँकेवर २०२१ मध्ये निर्बंध आले, २०२३ मध्ये परवाना रद्द झाला. राष्ट्रीयीकृत बँकेत अडचण वेगळी : पीककर्जाचा बोजा चढलेली जमीन पुन्हा तारण देणे अवघड जाते.

शासकीय योजना : पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात (२००८) उत्पादन-प्रकल्पाची मर्यादा ५० लाख, सेवेची २० लाख रुपये आहे. सर्वसाधारण अर्जदाराने १० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती इत्यादी विशेष गटांनी ५ टक्के रक्कम स्वतः घालायची. ग्रामीण भागात अनुदान अनुक्रमे २५ व ३५ टक्के. अनुदान रोख हाती पडत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. अर्ज जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी मंडळाकडून पुढे गेला तरी कर्ज मंजूर करणे बँकेच्याच हाती. मुद्रा योजनेत (२०१५) कर्जाला तारण लागत नाही; २०२४ पर्यंत कमाल मर्यादा १० लाख होती. त्यातील सर्वांत लहान, ‘शिशु’ गटाची मर्यादा ५० हजार.

बचत गट : ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) व ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्यामार्फत बँकजोडणी, गटातील अंतर्गत कर्जाला तारण नसते.