रात्रीच्या कामाची हजेरी



वसंत ऋतूतील व्याख्यानाला येताना आपण इतिहासातील एखादी लढाई किंवा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र ऐकायला मिळेल, अशी अपेक्षा बाळगता. मी मात्र आज एका तक्त्याचा इतिहास सांगणार आहे. विषय रुक्ष आहे, हे आधीच कबूल करतो. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा पगार, निवृत्तिवेतन किंवा दुधाचे बिल रात्री आपण झोपेत असताना संगणक तयार करीत असतो. त्याने ते काम केले की नाही, अर्धे केले की दोनदा केले, हे ज्या तक्त्यात लिहिलेले असते, त्याची ही हकीकत आहे. मी यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. शाळाही लवकर सुटली. हजेरीपट आणि पगारपत्रके वाचता वाचता जे समजले, तेवढ्या शिदोरीवर बोलतो आहे.

संगणकवाले ज्याला 'बॅच' म्हणतात, ती कल्पना आपल्या जिल्ह्याला परकी नाही. गुऱ्हाळावर घागरभर रस निघाला की लगेच त्याचा गूळ करायला कोणी बसत नाही. काहील भरेपर्यंत रस साठवतात, मग एक आदण चढते, ते उतरले की दुसरे. दुधाचेही तेच. सकाळ-संध्याकाळ डेअरीत माप आणि फॅट लिहून घेतात, हिशेब मात्र दहा दिवसांचा एकदम होतो. पशुखाद्याची कपात वजा जाते आणि बिल निघते. सुटी सुटी कामे साठवायची आणि ठरलेल्या वेळी एकाच दमात उरकायची, यालाच बॅच म्हणतात. अशा एका दमाला मी आज 'फेरी' म्हणणार आहे.

आता उद्यमनगरातील फाउंड्रीकडे चला. तेथे धातूच्या प्रत्येक वितळणीला क्रमांक असतो. कामगार त्याला हीट नंबर म्हणतात. धातूत कार्बन किती, सिलिकॉन किती, ओतला केव्हा, हे सारे त्या क्रमांकापुढे लिहिलेले असते आणि तोच क्रमांक ओतकामावरही उमटवतात. सहा महिन्यांनी दूरच्या एखाद्या कारखान्यात त्या भागाला चीर गेली, तर क्रमांकावरून ती वितळण शोधून काढता येते आणि त्याच वितळणीतील बाकीचे भागही बाजूला काढता येतात. लोखंडाच्या तुकड्याला ही प्रतिष्ठा आहे. माणसाच्या पगाराला ती आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. आपल्या शाहू मिलची स्थापना १९०६ सालची. ती गिरणी आता बंद आहे. पण गिरणीचा हजेरीपट कसा असे, हे सांगणारी माणसे अजून भेटतात. हजेरीपट मुळात मालकाच्या सोयीसाठी होता. कोणाला किती द्यायचे आणि कोणाचे किती कापायचे, हे त्यातून ठरे. पुढे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने पगार कोणत्या तारखेच्या आत द्यावा आणि कोणकोणती कपात चालेल, हे बांधून दिले. १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगारांची नोंदवही निरीक्षकाला केव्हाही पाहता येईल अशी ठेवण्याचे बंधन घातले. मालकाच्या सोयीची वही अशा रीतीने कामगाराचा पुरावा झाली. वही तीच, पण ती पाहण्याचा हक्क बदलला, आणि त्याबरोबर तिचा अर्थही बदलला. हे सूत्र लक्षात ठेवावे, कारण यंत्राच्या वहीचा प्रवास याच वाटेने झालेला आहे. फक्त तो अजून पुरा झालेला नाही.

अमेरिकेत १८९० च्या शिरगणतीसाठी हर्मन हॉलेरिथ या गृहस्थाने भोके पाडलेली कार्डे मोजणारे यंत्र वापरले. तेथून पुढे साठ-सत्तर वर्षे कार्डांचा गठ्ठा म्हणजेच बॅच. गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी जाई: कार्डे इतकी, रकमेची बेरीज इतकी. यंत्रातून गठ्ठा बाहेर पडला की तेच आकडे पुन्हा जुळवून पाहत. त्यात एक मोठी मौजेची युक्ती होती. खातेक्रमांकांचीही बेरीज करीत. खातेक्रमांकांच्या बेरजेला व्यवहारात काही अर्थ नाही; पण एखादे कार्ड गळाले आणि त्याच्या जागी दुसरे दोनदा गेले, तर कार्डांची संख्या जुळते, आणि ही निरर्थक बेरीज मात्र चुकते. चूक पकडण्यासाठी कारकुनांनी शोधलेली ही हिकमत आजही उपयोगी पडते.

इंग्लंडात लायन्स या चहाच्या दुकानांच्या कंपनीने स्वतःचा संगणक बांधला आणि १९५१ पासून तो कचेरीच्या कामाला लावला. १९५४ पासून त्यावर नोकरांचे पगार निघू लागले. माणसांच्या पगाराचा हिशेब यंत्राच्या स्वाधीन करण्याची ती सुरुवात होती.

आपल्याकडे हे यंत्र आले, ते वादळ घेऊनच आले. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले आणि पुढल्या दशकात त्याच्या मुंबईच्या कचेरीत संगणक बसला. कलकत्त्यात मात्र १९६६-६७ साली विमा कर्मचाऱ्यांनी इलॅको हाउस या इमारतीभोवती पहारा ठेवून यंत्र आत येऊ दिले नाही. पुढे १९६९ मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर, आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत ८ सप्टेंबर १९८३ रोजी करार झाला आणि ठरावीक प्रकारची यंत्रे ठरावीक मर्यादेत बसवण्यास संघटनांनी मान्यता दिली.

या लढ्यांत उतरलेल्या माणसांविषयी मला आदर आहे. नोकऱ्या जातील ही त्यांची भीती पोकळ नव्हती. पण आपल्या चळवळीचा हिशेब आपणच मांडला पाहिजे. यंत्रे किती येणार, माणसे किती कमी होणार, भत्ता किती मिळणार, हे आम्ही विचारले. यंत्र रात्री जे काम करील त्याची वही कोण लिहील, आणि ती उघडून पाहण्याचा हक्क कोणाला असेल, हे मात्र आमच्यापैकी फारशा कोणी विचारले नाही. कारकून गेला, तेव्हा त्याच्याबरोबर 'साहेब, यात सतरा नावे राहिली' असे सांगणारा आवाजही गेला. त्याची जागा कोण घेणार, हा प्रश्न करारात आलाच नाही.

यंत्राची वहीसुद्धा आरंभी मालकाच्याच सोयीची होती. मोठे संगणक त्या काळी भाड्याने मिळत, आणि भाडे वापरावर अवलंबून असे. म्हणून कोणत्या कामाने किती वेळ घेतला, हे टिपणे भाग होते. बाकीची हकीकत यंत्रचालकाच्या टंकयंत्रावर कागदाच्या गुंडाळीत छापली जाई. सकाळी कोणी कागद फाडून टाकला की रात्र पुसली गेली.

१९७० मध्ये एडगर कॉड या आयबीएममधील संशोधकाने माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचा सिद्धांत प्रसिद्ध केला. आजचे बहुतेक डेटाबेस त्यावर उभे आहेत. त्यांचा एक मोठा गुण असा की, एकत्र बांधलेला व्यवहार एक तर पुरा होतो, नाही तर मुळीच होत नाही. एका खात्यातून रक्कम गेली आणि दुसऱ्यात पोचण्याआधी वीज गेली, तर यंत्र पहिली नोंदही मागे घेते. पण याच गुणात एक खाच आहे. फेरीची नोंदही त्याच व्यवहारात बांधलेली असेल, तर काम मागे घेताना नोंदही मागे जाते. म्हणजे रात्री दोन वाजता काम फसले आणि सकाळी पाहावे, तर काही घडल्याची खूणच नाही! फसलेल्या कामाची नोंद तर सर्वांत मोलाची. म्हणून जाणती माणसे नोंद कामापासून वेगळी ठेवतात. ती आधी लिहितात, 'सुरू झाले' म्हणून. मग काम करतात, आणि शेवटी निकाल लिहितात. पहारेकऱ्याने गस्तीला निघण्यापूर्वी सही करावी, तसे हे आहे. आरंभाची सही आहे आणि अखेरची नाही, एवढ्यावरून वाटेत काहीतरी घडले हे कळते.

चांगल्या तक्त्यात काय असावे, ते कोणालाही समजेल. फेरीचा क्रमांक, काम कोणते, कोणत्या मुदतीचे, म्हणजे १ ते १० तारखेचे की ११ ते २० चे, सुरू केव्हा झाले, संपले केव्हा, नोंदी किती आल्या, किती पार पडल्या, किती परत फिरल्या आणि प्रत्येक का फिरली, फेरी कोणी चालवली. आलेल्या नोंदींची संख्या ही पार पडलेल्या आणि परत फिरलेल्या नोंदींच्या बेरजेइतकी असलीच पाहिजे. ती नसेल, तर मधल्या मध्ये कोणाचे तरी नाव हरवले आहे.

आणखी एक भेद फार महत्त्वाचा आहे. काम एक, आणि त्याचे प्रयत्न अनेक. '१ ते १० तारखेचे बिल' हे एकच काम. ते पहिल्या रात्री फसले आणि दुसऱ्या रात्री पुरे झाले, तर प्रयत्न दोन. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'स्प्रिंग बॅच' या संगणकीय साधनात या दोहोंसाठी वेगवेगळे तक्ते ठेवलेले आहेत. हा भेद पाळला, म्हणजे पुरे झालेले काम कोणी चुकून पुन्हा सुरू केले तर यंत्र नकार देऊ शकते, आणि अर्धवट राहिलेले काम जेथे थांबले तेथून पुढे नेता येते.

हे शास्त्र मला पुस्तकाआधी एका पगाराच्या दिवशी शिकावे लागले. एका कारखान्यात, त्याचे नाव येथे नको, सतरा जणांचा पगार खात्यावर आला नाही. आम्ही कचेरीत गेलो. पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पूर्ण' असे लिहिले होते. कारकून भला माणूस होता; पण तो म्हणाला, "यंत्र सांगते पगार गेला, आता मी काय करू?" सतरा माणसे सांगत होती की पैसा आला नाही, आणि एक शब्द सांगत होता की आला. त्या कचेरीत सतरा माणसांपेक्षा तो एक शब्द भारी ठरला. चार दिवसांनी उलगडा झाला. त्यांच्या बँकशाखेचा सांकेतिक क्रमांक बदलला होता, त्यामुळे रकमा परत आल्या होत्या आणि परत आलेल्यांची यादी कोणी उघडलीच नव्हती. 'पूर्ण' याचा अर्थ यंत्राच्या लेखी एवढाच होता की, पाठवायचे ते पाठवून झाले. मग घाईने सगळीच फेरी पुन्हा चालवली गेली आणि काहींना दोनदा पगार गेला. पुढल्या महिन्यात तो कापून घेतला, तेव्हा घरभाड्याला पैसे नाहीत म्हणून ती माणसे आमच्याकडे आली. एका गाळलेल्या रकान्याने दोन महिने दोन प्रकारच्या माणसांना छळले. त्यानंतर आम्ही मागणी केली की, पगाराच्या दुसऱ्या दिवशी फलकावर चार आकडे लावावेत: किती जणांचे पगार पाठवले, किती पोचले, किती परत आले, परत आलेले पुन्हा केव्हा जाणार. वेतनवाढीइतका आवाज त्या मागणीला नव्हता. पण ती मान्य झाली, आणि पगाराच्या दिवसाची भांडणे निम्म्यावर आली.

हे अशक्य कोटीतले नाही, याचा दाखला देशाच्या बँकव्यवहारातच आहे. एनईएफटी ही पैसे पाठवण्याची पद्धत नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली. ती बॅचनेच चालते. १६ डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस चालू आहे आणि दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाला ४८ बॅचेस होतात. प्रत्येक रकमेला क्रमांक असतो. बॅच झाल्यापासून दोन तासांत रक्कम खात्यावर जमा झाली पाहिजे, नाही तर परत गेली पाहिजे. उशीर झाला, तर रेपो दराहून दोन टक्के अधिक दराने व्याज द्यावे लागते. येथे वही आणि हक्क एकत्र बांधलेले आहेत. मुदत कोणत्या क्षणापासून मोजायची हे बॅचची नोंद सांगते, म्हणून व्याज मागता येते.

याउलट अनुभव आपल्या राज्याने २०१७ साली घेतला. जूनमध्ये शेतकऱ्यांसाठी दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. ८९ लाख शेतकरी आणि ३४,०२२ कोटी रुपये, असे आकडे सांगितले गेले. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रांचे वाटप झाले. मग याद्यांतील विसंगती उघड झाल्या. अर्जातील माहिती आणि बँकांची माहिती जुळेना, याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पैसे लांबले. प्रमाणपत्र हातात, कर्ज खात्यावर तसेच, आणि आपले नाव कोणत्या टप्प्यावर अडले हे विचारायला गावात जागा नाही, अशी अनेकांची गत झाली. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जमुक्तीत रीत बदलली. यादी आधी लावली गेली. प्रत्येक नावापुढे विशिष्ट क्रमांक आणि थकबाकीचा आकडा होता. शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करताना रक्कम मान्य की अमान्य ते सांगायचे, आणि अमान्य असेल तर जिल्ह्याच्या समितीपुढे तक्रार जायची. त्यातही त्रुटी राहिल्या असतील. पण आपली ओळ पैसे निघण्यापूर्वी शेतकऱ्याने डोळ्यांनी पाहिली, हा फरक लहान नाही.

मित्रहो, गिरणीच्या हजेरीपटाला मालकाच्या कपाटातून बाहेर यायला कायदा लागला, आणि कायद्यापूर्वी माणसांना तो मागावा लागला. यंत्राचा हजेरीपट आज बहुतेक ठिकाणी लिहिला जातो. तो कपाटात आहे एवढेच. तेव्हा यापुढे आपले बिल, पगार किंवा अनुदान आले नाही, आणि समोरचा माणूस पडद्याकडे बोट दाखवून 'पूर्ण' म्हणाला, तर रागावू नका. शांतपणे तीन प्रश्न विचारा: फेरीचा क्रमांक कोणता, त्या फेरीत परत किती फिरले, आणि त्या यादीत माझे नाव आहे का? उत्तर मिळाले, तर तुमचे काम होईल. मिळाले नाही, तर तेथे वही नाही, असे समजा. आणि ती मागण्यासाठी एकटे जाऊ नका, दहा जण मिळून जा.